फायलीतला फोटो

पुतळा बरोबर तिथंच बसवलाय
जिथं उभं राहायला मी त्याला एकवीस वर्षं मनाई केली.
चौकाची पूर्व बाजू, बँकेची पायरी सोडून चार पावलं,
समोर लेबूचं बंदर, पाठीशी औषधांचं दुकान.
मोजायची गरज नाही मला,
हे अंतर माझ्याच अक्षरात आहे
एकशे बारा पावत्यांवर.

एलेउतेरियो कात्रिलेओ.
धंदा: भाजके दाणे, साखरेत घोळवलेले.
परवाना: नाही.
गाडी: पत्र्याची, बोटीच्या आकाराची, धुराड्यासकट.
बोटीचं नाव त्यानं लाल रंगात लिहिलं होतं, 'हट्टी'.
ते मी नोंदवलं नाही.
नावासाठी रकानाच नव्हता.

एका ऑगस्टात एक नाव परत आली नाही.
अख्खं गाव धक्क्यावर, तोंडातून वाफ, कुणी बोलेना.
त्यानं 'हट्टी' ढकलत खाली आणली
आणि रात्रभर दाणे भाजत राहिला.
खात कुणीच नव्हतं.
बायका पुड्या नुसत्या मुठीत धरून उभ्या,
गार झाली की परत द्यायच्या, तो गरम हातात ठेवायचा,
तेच दाणे, पुन्हा पुन्हा,
पहाटेपर्यंत कोळसे झाले त्यांचे.
त्या रात्रीची पावती मी फाडली नाही.
दुसऱ्या दिवशी फाडली.

तो गेला तेव्हा लोकांनी पितळ गोळा केलं:
नळ, चाव्या, कड्या,
कुणी मोडक्या इंजिनाचा पंखा, कुणी देवघंटेएवढी घंटा.
कॉन्सेप्सिओनहून मिलारे नावाची पोरगी आली,
हात मातीनं भरलेले, वय माझ्या नातीचं.
म्हणाली, चेहरा कुठून आणू?
ओतिलियाकडे त्याचा एकच फोटो, विशीतला, मिशी नसलेला.
ज्या गावानं त्याला रोज पाहिलं
त्या गावाकडे तो कुठंच नव्हता.

होता तो माझ्याकडे.
नियम क्रमांक नऊ: गुन्ह्यासोबत छायाचित्र जोडावे.

तळघरातून फाईल मीच काढून दिली.
धूळ झटकायला रुमाल दिला.
मिलारे बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
किती मायेनं बघतोय हा समोरच्याकडे.
समोर कोण होतं, तिनं विचारलं नाही.

आता सगळे तेच म्हणतात.
किलकिले डोळे, काहीतरी बोलायला उघडलेले ओठ,
पुढे केलेला हात.
मला ठाऊक आहे तो काय बोलत होता.
"दोनच मिनिटं, दोन रेनान, कढई तापलीय."
फोटोत हात मनगटापाशी कापला गेलाय
म्हणून मिलारेनं त्यात पुडी दिली, पितळेची, सुबक.
पोरं तिच्यात खरे दाणे टाकतात, समुद्रपक्षी पळवतात.
पण त्या हातात पुडी नव्हती.
सुटे पैसे होते.
मागच्या दंडाचे, मोजून आणलेले,
अजून उबदार.

अनावरणाला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं.
महापौरबाई म्हणाल्या, हे आपल्या सर्वांचे.
मी टाळ्या वाजवल्या.
पुतळा माझ्याकडेच बघत होता,
साहजिक आहे, दुसरीकडे बघायला त्याला कधी शिकवलंच नाही मी.

पेन्शनर माणूस, रोज येतो, समोरच्या बाकावर बसतो.
त्याचं नाक थोडं चुकलंय. सांगणार कुणाला?

काल त्याच्या सावलीत एक पोरगी उभी होती,
दोन थर्मास, कागदी पेल्यांची चळत,
बोलण्यावरून लांबची, उत्तरेकडची कुठली तरी.
कोपऱ्यावरून नवा निरीक्षक येताना दिसला,
हातात पावतीपुस्तक नाही आता, फोन असतो,
पण चाल तीच, माझी.
पोरगी थर्मासची झाकणं आवळायला लागली.

मी उठलो. गुडघे कुरकुरले.
म्हटलं, एक कॉफी दे.
तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओतली.
गिऱ्हाईक मधे असताना पावती फाडत नाहीत,
नियमात नाही हे, पण आम्ही सगळे पाळायचो.

तो थांबला.
मी खिशात हात घातला
आणि सुटे पैसे मोजायला लागलो,
एक एक नाणं उजेडात धरून,
सावकाश,
चष्मा घरी विसरल्यासारखा.